ग्रंथपालाचा गुडघा

आमच्या पेन्हॅलो गावात फुटबॉल खेळण्याबद्दल आजवर कुणालाही एक पेनीसुद्धा मिळालेली नाही. हे मी म्हणत नाही. आमचे क्लबाध्यक्ष मिस्टर गॅड्सडेन म्हणतात, आणि म्हणताना उजवा हात कोटाच्या आत छातीवर ठेवतात. "तत्त्वतः," ते म्हणतात, तेव्हा पोट आत जातं. "तत्त्वतः हा सद्गृहस्थांचा खेळ आहे." इथे श्वास सुटतो आणि पोट परत जागेवर येतं.

आता आमच्या अठरा सद्गृहस्थांपैकी एक जण नगरपालिकेचं कुंपण रंगवायचा. सहा वर्षं तेच कुंपण. दुसऱ्याकडे रस्त्यावरचे दिव्याचे खांब जागेवर आहेत ना, हे बघायचं काम होतं. ते असायचे. तिसरा सार्वजनिक पंपाचा देखरेख्या होता, आणि तो पंप मी जन्माला यायच्या आधीच बंद पडलेला. ही मंडळी एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे फुटबॉलच्या दिवसांत, कामात अगदी बुडालेली असत. उन्हाळा लागला की खांब आपली काळजी आपण घेत.

पैसे घेऊन खेळणारा एक जरी सापडला तरी अख्खा क्लब बाद, असा मेलबर्नच्या संघटनेचा नियम. त्यामुळे आमच्या मुलखात ताकाला जाऊन भांडं लपवण्याची कला फार भरभराटीला आली होती. त्या कलेपायी माझा मामा ग्रंथपाल झाला.

मामाचं नाव ईनॉक ट्रेंबाथ. त्याचे वडील कॉर्नवॉलहून सोनं खणायला आले. सोनं कंपनीला मिळालं, दगडाची भुकटी त्यांच्या छातीला. एक्केचाळिसाव्या वर्षी ते खोकत खोकत गेले. मामा चौदाव्या वर्षी खाणीत उतरला होता, आणि त्यानंतरही तो वाढायचा थांबला नाही, उंचीने म्हणतेय मी. सहा फूट तीन इंच. खाणीचं छत मात्र पाच फुटांवर. सोमवार ते शनिवार सकाळपर्यंत तो माणूस दुमडून ठेवलेल्या चाकूसारखा वाकलेला असायचा. शनिवारी दुपारी मैदानावर आला की सरळ व्हायचा, आणि एकदा सरळ व्हायला लागला की त्याला थांबायचं कुठे ते कळायचं नाही. तो वरच जायचा. आमच्या खेळात उंच आलेला चेंडू हवेतच झेलला की खेळ थांबतो आणि झेलणाऱ्याला बिनधास्त लाथ मारायला मिळते. मामा पुढच्या माणसाच्या पाठीवर गुडघा टेकवून, खांद्यांवरून, टोप्यांवरून चढायचा आणि आभाळातून चेंडू उचलून आणायचा. पहिल्याच सामन्यात कुणीतरी ओरडलं, "अरे हा माणूस आहे की मनोरा?" तेव्हापासून तो मनोरा.

सँडी क्रॉसिंग हे आमचं शेजारचं गाव, म्हणजेच वैरी. तिथले लोक कुंपणाला लटकून ओरडायचे, "ए मनोऱ्या, वरून आमच्या घरी दिसतंय का काही?" मामा हळू बोलायचा. तो म्हणायचा, "दिसतंय. तुझी बायको दुसऱ्याला जेवायला वाढतेय." आणि परत वर जायचा.

त्याची लाथ तर बघण्यासारखी. टाचेने जमिनीत खळगा करायचा, त्यात तो लंबगोल चेंडू उभा करायचा, शिवण गोलाच्या खांबांकडे. मग बोट ओलं करून वाऱ्यात धरायचा. मग बारा पावलं मागे. तोवर चार हजार माणसं गप्प. पाळण्यातली पोरंसुद्धा. आमचे पाद्री एकदा म्हणाले, "वीस वर्षं प्रवचन देतोय, पण एवढी शांतता मला कधी मिळाली नाही." मग धप्प असा आवाज, आणि पांढऱ्या कोटातला गोलपंच दोन्ही हातांतली निशाणं फडकवायचा, आणि गाव वेडं व्हायचं.

अशी दहा वर्षं गेली. मग एका रविवारी सँडी क्रॉसिंगचे क्लबसचिव मिस्टर ब्रॅग आमच्या दारात आले. माझी आई सांगते ते असं. टोपी हातात, आवाज गुळातला.

"ट्रेंबाथ, आमच्या गावाला सशांचा निरीक्षक हवाय."

"ससे मोजायचे?" मामाने विचारलं.

"छे छे! मोजायचे कशाला? शेतातून फिरायचं, आणि ससा दिसला की नाराजीने बघायचं. जमिनीवरचं काम आहे, मोकळी हवा. शनिवारी सुट्टी. शनिवारी थोडं पळायला यायचं एवढंच."

बातमी तासाभरात मिस्टर गॅड्सडेनपर्यंत गेली. ते गावचे महापौर, बिअरच्या कारखान्याचे मालक, क्लबचे अध्यक्ष आणि मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटचेही अध्यक्ष. इन्स्टिट्यूट म्हणजे कामकरी लोकांच्या ज्ञानवृद्धीसाठी बांधलेली इमारत. तिच्यात एक बिलियर्डचं टेबल होतं आणि टेबलामुळे उरलेल्या जागेत वाचनालय. क्लबची समिती आणि इन्स्टिट्यूटची समिती एकच होती. तीच सात माणसं, तीच सात खुर्च्या. फक्त सोमवारी ती फुटबॉलची असायची आणि मंगळवारी ज्ञानाची. म्हातारे ग्रंथपाल टिब्ज नेमके त्याच आठवड्यात वारले. समितीला त्यांचा हा समजूतदारपणा फार आवडला.

"ग्रंथपाल?" मामा म्हणाला. "साहेब, मला माझं नाव सोडून काही वाचता येत नाही."

"तत्त्वतः," पोट आत, "तुला पुस्तकं वाचायची नाहीयेत, सांभाळायची आहेत. माझ्या कारखान्याचा रखवालदार बिअर पितो का?"

"पितो, साहेब."

"तत्त्वतः पीत नाही!"

मामा घरी येऊन डोकं धरून बसला. माझी आई, म्हणजे त्याची बहीण, पेस्टीचं, म्हणजे आमच्या मांस-बटाट्याच्या करंजीचं, पीठ मळत होती. तिने मागे न बघताच विचारलं, "काम जमिनीच्या वर आहे ना?"

"आहे."

"धूळ?"

"पुस्तकांवरची."

"त्या धुळीने माणूस मरत नाही. हो म्हण."

मामाने मग वाचनालय त्याला समजेल तसं लावलं. संघ उभा करतात तसं. उंच पुस्तकं मागे, बुटकी चपळ पुढे, जाडजूड मध्यभागी. चौथ्या दिवशी मिस डंकर्ली आल्या. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं, आणि निवृत्त झाल्या तरी समोर कुणीही असो, त्यांना तो तिसरीच्या वर्गातलाच वाटायचा.

"उभे राहा, ट्रेंबाथ."

"उभाच आहे, बाई."

"मग बसा, म्हणजे माझी मान मोडणार नाही. मला सांगा, रोमच्या सम्राटांशेजारी 'कोंबड्यांचे आजार' का आहे?"

"दोघं एका उंचीचे आहेत, बाई."

मिस डंकर्लींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांनी हातमोजे काढले होते, आणि त्यांनी हातमोजे काढले की काय होतं हे गावातल्या तीन पिढ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी तीन ते चार, बिलियर्डच्या टेबलावर पाटी. गावाचा मनोरा, ज्याच्यासाठी बायका कुंपणावरून मैदानात छत्र्या फेकायच्या, तो जीभ बाहेर काढून 'ए बी सी' गिरवत बसायचा. संघातले लोक मुद्दाम खिडकीतून डोकवायचे. "काय रे मनोऱ्या, आज किती अक्षरं झेललीस?" "सव्वीस," मामा म्हणायचा, "पण त्यातली चार हातातून सुटली."

तीन हिवाळे लागले. आणि मग कुणाच्याच ध्यानीमनी नसलेली गोष्ट घडली, आणि समितीच्या तर मुळीच नाही. मामाला ती नोकरी आवडायला लागली. म्हणजे खरोखरची. तो सकाळी नऊला दार उघडायचा, आणि कुंपण रंगवणारा सद्गृहस्थ त्याला समजवायचा, "अरे वेड्या, तू काम करायला लागलास तर आमचं कसं व्हायचं?" मामा पुस्तकांना पुठ्ठे चढवायचा. कोणतं पुस्तक कुणाला पचेल हे त्याला कळायचं. कोण पानांचे कान मोडतो, कोण पेस्टी खात वाचतो, हे डागांवरून ओळखायचा. बुधवारी संध्याकाळी खाणकामगारांना तो एक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचा, खाणीतल्या हवेबद्दलचं. हळू वाचायचा, बोट ओळीखाली ठेवून. दगड फोडताना पाण्याचा फवारा मारला तर भुकटी उडत नाही, असं त्यात एक पान होतं. ते पान त्याने इतक्या वेळा वाचलं की ते पुस्तकातून सुटून आलं. मग खाणकामगारांनी खाणीच्या मॅनेजरकडे जाऊन पाणी मागितलं. मॅनेजर मिस्टर गॅड्सडेनना म्हणाला, "तुमचा तो सेंटर-फॉरवर्ड फार वाचतो."

"हंगाम संपला की थांबेल," मिस्टर गॅड्सडेन म्हणाले.

मग एका जुलैत, ऐन हिवाळ्यात मैदानावर दंव पडलेलं असताना, मामा वर गेला आणि खाली येताना उजवा पाय त्याच्याबरोबर आला नाही. गुडघ्याची वाटी बाजूला सरकली होती. चौघांनी त्याला कुंपणाचं एक फाटक काढून त्यावर घालून नेलं. ते फाटक पहिल्यांदाच कुणीतरी खरोखर रंगवलेलं निघालं, कारण मामाच्या कोटाला हिरवा रंग लागला.

पहिला आठवडा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सूप, सूप आणि सूप. दुसऱ्या आठवड्यात सूप पातळ झालं. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "चालेल तो, पण पळणार नाही." चौथ्या आठवड्यात सूप यायचं थांबलं आणि समिती आली. मिस्टर गॅड्सडेन पुढे, मागे चिटणीस मिस्टर पिकेट. पिकेटांचं कापडाचं दुकान आहे. ते प्रत्येक गोष्ट वारात मोजतात आणि एकही वाक्य पुरतं कापत नाहीत.

"ईनॉक, बाबा रे," मिस्टर गॅड्सडेन म्हणाले, "तुला विश्रांतीची गरज आहे."

"मी बसूनच आहे, साहेब. सोमवारपासून वाचनालयात जातोय."

"तेच ते. तिथूनही विश्रांती."

"म्हणजे आम्ही म्हणतो," पिकेट म्हणाले, "एक वारभर पाय लांब करून... निवांत... म्हणजे कायमचा..."

आणि पत्र. मी ते पाठ केलंय: "गुडघा निकामी झाल्यामुळे ग्रंथपालपदाची कर्तव्ये पार पाडणे श्री. ट्रेंबाथ यांना अशक्य झाले असल्याने, त्यांची सेवा सप्टेंबरअखेर आभारपूर्वक समाप्त करण्यात येत आहे." खाली सात सह्या. मंगळवारच्या.

ते गेल्यावर मामाने कपाटाखालून खाणीतले बूट काढले आणि त्यांना तेल लावायला बसला. मॅनेजर त्याला घ्यायला तयार होता. पहिल्या ऑक्टोबरला, सोमवारी सकाळी सातला, खाली. त्याला काम जमिनीच्या वर पाहिजे होतं, तर वरती काम नव्हतं. आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. एकेक भांडं दोन दोनदा.

वाचनालयात मामाच्या जागी कोण येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. क्लॅरी हॉग्बेन, वय एकोणीस, सँडी क्रॉसिंगचा नवा हिरा. आम्ही तो चक्क चोरला होता. ऑगस्टपासूनच तो 'सहाय्यक ग्रंथपाल' झाला. पोरगा स्वभावाने वाईट नव्हता. फक्त पुस्तक आणि वीट यांत त्याला फरक दिसायचा नाही, आणि दोन्ही तो लाथेने सरकवायचा.

"मामा," तो म्हणायचा, गावातल्या सगळ्या पोरांसारखाच, "हे नकाशाचं पुस्तक डोक्याखाली घेतलं तर चालेल?"

"चालेल. पण आफ्रिकेवर डोकं ठेव, तिथली शिवण आधीच उसवलीय."

सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात हॉग्बेनने सँडी क्रॉसिंगविरुद्ध सात गोल मारले. त्यांचाच पोरगा, त्यांच्याच तोंडावर. आम्ही चषक जिंकला. मिस्टर गॅड्सडेननी तो डोक्यावर घेऊन मिरवला आणि त्यात बिअर ओतून प्यायले, तत्त्वतः आणि प्रत्यक्षही. आणि चार दिवसांनी मेलबर्नहून पत्र आलं. मिस्टर ब्रॅगनी तक्रार केली होती: पेन्हॅलोत ग्रंथपालाची नोकरी म्हणजे गोल मारण्याची बिदागी आहे. संघटनेचे प्रतिनिधी शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला, चौकशीला येणार. आरोप खरा ठरला तर चषक परत आणि क्लब बाद.

गुरुवारी समिती आमच्या बैठकीच्या खोलीत होती. सातही जण. सूप नव्हतं, पण एक फ्रूट केक होता.

"ईनॉक, गड्या," मिस्टर गॅड्सडेन म्हणाले, "ते पत्र तुला मिळालंच नाही असं समज."

"मिळालं, साहेब."

"समज म्हणतोय! तू उद्या बायबलवर हात ठेवून एवढंच सांगायचं, की तुला नोकरी ग्रंथप्रेमामुळे मिळाली, फुटबॉलचा संबंध नाही. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"आणि सोमवारी?" आईने विचारलं.

"सोमवारचं..." पिकेट म्हणाले, "म्हणजे सोमवार अजून... चार वार लांब..."

मिस डंकर्ली कोपऱ्यात बसल्या होत्या. समिती गेल्यावर त्या म्हणाल्या, "ट्रेंबाथ, डोकं चालवा. त्यांचं नाक तुमच्या मुठीत आहे. आधी लेखी घ्या, नोकरी कायम. मग शपथ घ्या."

मामाने केकची ताटली बाजूला सरकवली. आमची माणसं मेथडिस्ट पंथाची, दारू वर्ज्य. आमच्याकडे बिअर चोरून पितात, पण बायबलवर हात ठेवून खोटं बोलायला चोरूनही कुणी धजत नाही.

"बाई, खोटं बोलून नोकरी ठेवायची, तर ती आधीही खोटीच होती असं नाही का होणार?"

"म्हणजे तुम्ही खरं सांगणार? आणि सोमवारी खाली जाणार?"

"बूट तयार आहेत," मामा म्हणाला. पण त्याच्याकडे बघून कळत होतं की बूट तयार होते आणि तो नव्हता.

चौकशी वाचनालयातच झाली. बिलियर्डच्या टेबलावर हिरवी चादर टाकली. सगळं गाव कपाटांमधल्या गल्ल्यांत दाटून उभं. मेलबर्नचे प्रतिनिधी मिस्टर वीव्हर्स हे रुमालात गुंडाळलेलं एक मोठं नाक होते. त्यांना भयंकर सर्दी झाली होती, आणि प्रत्येक उत्तरानंतर ते नाकातूनच म्हणायचे, "डोंद." म्हणजे नोंद.

आधी मिस्टर गॅड्सडेन. हात बायबलवर, पोट आत. तेही मेथडिस्टच, पण महापौर झाल्यापासून त्यांचा हात बायबलवर चांगला सरावला होता.

"ट्रेंबाथ यांची निवड केवळ त्यांच्या ज्ञानलालसेमुळे झाली."

"ते फुटबॉल खेळतात हे समितीला ठाऊक होतं?"

"कानावर आलं होतं."

"सात वर्षं ते तुमच्या संघाचे कप्तान होते."

"तत्त्वतः," मिस्टर गॅड्सडेन म्हणाले, आणि पुढे काहीच नाही. पोट तसंच आत राहिलं आणि चेहरा लाल व्हायला लागला.

गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "साहेब, श्वास सोडा, नाहीतर चषक आम्हाला तुमच्या थडग्यावर ठेवावा लागेल!"

"डोंद," मिस्टर वीव्हर्स म्हणाले.

पिकेटांनी शपथेवर सांगितलं की त्यांना चार वारांपलीकडे चेंडूच दिसत नाही, त्यामुळे गोल कोण मारतं याबद्दल ते... म्हणजे त्यांचं मत... आणि ते खाली बसले.

आता मिस्टर ब्रॅगना राहवेना. ते उठून टेबलावर हात आपटून म्हणाले, "थापा! धडधडीत थापा! यांनी नोकरी देऊन हा माणूस अडवला. नाहीतर तो आमच्याकडेच आला असता! आम्ही त्याला ससे देऊ केले होते!"

शांतता. अगदी मामाच्या लाथेच्या वेळची.

"ससे," मिस्टर वीव्हर्स म्हणाले. "डोंद." आणि ब्रॅग अशा चेहऱ्याने खाली बसले, की तिथे ससा असता तर त्याने नाराजी ओळखली असती.

मग मामा. काठी टेकत, लंगडत, कपाटांच्या वरून डोकं दिसत आला. हात पुस्तकावर ठेवला.

"तुम्हाला ही नोकरी कशामुळे मिळाली, मिस्टर ट्रेंबाथ?"

"गोल मारतो म्हणून, साहेब."

गावाने एकदम "आं!" केलं. मिस्टर गॅड्सडेनचं पोट सुटलं. कुणीतरी चषकावर रुमाल टाकला, मेलेल्याच्या तोंडावर टाकतात तसा.

"पण गोल मारून पुस्तकं लावता येत नाहीत," मामा पुढे म्हणाला. "म्हणून मग शिकावं लागलं."

"काय शिकलात?"

मामाने सांगितलं. तो भाषण करायला उठला नव्हता, त्यामुळे ते लांबलं. कोणत्या कपाटावर छत गळतं आणि तिथे त्याने प्रवचनांचे खंड का ठेवलेत. कोणत्या विधवेला प्रवासवर्णनं लागतात आणि कोणाला फक्त मोठी अक्षरं. कादंबरीचा तिसरा, शेवटचा खंड कुणी नेला, आणि तो परत न आल्यामुळे शेवट मामा स्वतःच कसा सांगतो, वाचकाची प्रकृती बघून: सौम्य माणसाला लग्न, रागीट माणसाला बुडालेलं जहाज. खाणीतल्या हवेचं पुस्तक. पाण्याचा फवारा. तेवढ्यात मागच्या गल्लीतला एक खाणकामगार म्हणाला, "फवारा दोन नंबरच्या बोगद्यात आलाय, साहेब. लिहा तेही."

मिस्टर वीव्हर्सनी ते लिहिलं. मग त्यांना सलग पाच शिंका आल्या. नाक पुसून ते म्हणाले, "सर्दीवर काही आहे का तुमच्याकडे?"

"तिसरं कपाट, खालून दुसरा खण, शेवटून चौथं," मामा तिकडे न बघता म्हणाला. "पण त्यातला कांद्याचा लेप करू नका. आमच्या पोस्टमास्तरांनी केला होता. अजून त्यांची पत्रं कुणी घरात घेत नाही."

आणि मग मिस डंकर्ली उभ्या राहिल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांना कधीच कुणाला विचारू द्यायची सवय नव्हती. त्यांनी हातमोजे काढले, पिशवीतून ते सात सह्यांचं पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. "मोठ्याने वाचा, वीव्हर्स. स्पष्ट उच्चार करा."

प्रतिनिधींनी, नाकाने जमेल तितकं स्पष्ट, वाचलं. मग चष्म्यावरून समितीकडे पाहिलं.

"ग्रंथपालाला गुडघा कशाला लागतो?"

सात माणसं सात खुर्च्यांत हलली. शेवटी मिस्टर गॅड्सडेन म्हणाले, "खालचे... खालच्या खणातली पुस्तकं काढायला. तत्त्वतः."

"अगदी खालच्या खणात प्रवचनांचे उरलेले खंड आहेत, साहेब," मामा म्हणाला. "सात वर्षांत कुणी मागितले नाहीत."

मिस्टर वीव्हर्सनी आपल्या वहीची पानं मागे उलटली. मला वाटतं ते सशांकडे बघत होते. पेन्हॅलोला बाद करायचं तर सँडी क्रॉसिंगला बाद करावं लागणार होतं, आणि मग त्यापलीकडच्या गावाला, जिथे तीन माणसं वाऱ्याची दिशा बघायच्या नोकरीवर होती, आणि असं करत करत मेलबर्नपर्यंत, आणि मग शनिवारी दुपारी अख्ख्या मुलखाने काय बघायचं? ते उभे राहिले.

"संघटनेचा निर्णय. नोकरी देताना देणाऱ्याच्या मनात काय होतं, हे कुणाला सांगता येत नाही. शपथेवर तर मुळीच नाही, हे आज आपण पाहिलं. नोकरी खरी की खेळाची बिदागी, हे ओळखायची एकच रीत आहे. गुडघा गेल्यावर ती राहते की जाते. ट्रेंबाथ आता एक गोलही मारू शकत नाहीत. ते या खुर्चीवर असेपर्यंत ही नोकरी खरी, तक्रार खोटी आणि चषक पेन्हॅलोचा. ते ज्या दिवशी नसतील, त्या दिवशी चषक मेलबर्नला पाठवा, आणि बरोबर क्लबचा राजीनामाही. मी दर वर्षी येऊन बघेन." मग ते मामाकडे वळले. "ते सर्दीचं पुस्तक नेऊ का?"

"चौदा दिवसांसाठी," मामा म्हणाला. "पानं मोडू नका."

एका क्षणात मामा गावातला सगळ्यात जपलेला माणूस झाला. मिस्टर गॅड्सडेन उठून धावले आणि त्याच्या काठीखालची सतरंजी सरळ केली. "जपून, बाबा, जपून! घसरशील!" पिकेटांनी खुर्चीला गादी शिवून देतो म्हणून तिथल्या तिथे मापं घेतली, दीड वार बाय... पुरी झाली नाहीत, पण गादी आली. पुढच्या हिवाळ्यात मामा दोनदा खोकला तर समितीने डॉक्टर पाठवला. खाणमॅनेजरने बुधवारच्या वाचनाबद्दल कुरकूर केली तेव्हा महापौर त्याला म्हणाले, "माणसाला वाचू दे रे, चषकाचा प्रश्न आहे!" आता फवारे चार बोगद्यांत आहेत.

क्लॅरी हॉग्बेनला पाऊस मोजायचं काम दिलंय. पाऊस पडला की तो बाहेर जाऊन भिजतो आणि "पडला" असं लिहितो. संध्याकाळी तो वाचनालयात येऊन बसतो, कारण तिथे शेगडी आहे.

वाचनालय शनिवारी दुपारीही उघडं असतं. गावात तेव्हा वाचायला कोण येणार, सगळे मैदानावर. फक्त मिस डंकर्ली येतात. मागच्या शनिवारी मी गेले होते. मैदान दोन गल्ल्या पलीकडे आहे, आणि सगळं ऐकू येतं, शिव्यासुद्धा. एकदम चार हजार माणसं गप्प झाली. हॉग्बेन लाथ मारायला उभा राहिला असणार. मामाने मान वर केली. मग तो जो धप्प आवाज झाला आणि गाव उसळलं, त्याने खिडकीच्या काचा हलल्या. मिस डंकर्लींनी पुस्तकातून डोकं काढलं आणि कपाळाला आठी घातली.

मामा उठला, काठी घेतली, लंगडत गेला आणि खिडकी लावून घेतली.